शेतकरी प्रशिक्षक घडवताना : जुन्नर तालुक्यातल्या शेतीशाळेच्या नोंदी, खरीप २०२४

११ जून, मंगळवार

पहिला दिवस. यादीत चोवीस, हजर एकवीस. त्यात सात महिला, बचत गटांतून आलेल्या. सगळे नारायणगाव ते ओतूर पट्ट्यातले, म्हणजे तार-काठीचा टोमॅटो यांना मी शिकवावा अशी काही परिस्थिती नाही. दर मंगळवारी शेतातच एकात्मिक कीड व्यवस्थापन (आयपीएम) शिकायचं आणि रब्बीत आपापल्या गावात पंचवीस जणांची शेतीशाळा स्वतः चालवायची, असा बेत आहे.

वेळ साडेआठची ठरली. कीटक बघायला सातची वेळ बरी, पण शेजारी ऊस आहे, आणि जुन्नरात उसाच्या कडेला सकाळी सातला खाली वाकून बसायला कुणी राजी होत नाही. बिबट्याच्या मुद्द्यावर मी वाद घातला नाही.

सुरुवात मतपेटी चाचणीनं. बांधानं दहा काठ्या रोवल्या. प्रत्येक काठीला पुठ्ठ्यावर एक प्रश्न, तीन उत्तरं, आणि दोरीला बांधलेलं खरं पान किंवा डबीतली खरी अळी. खाली तीन खोकी, पटेल त्यात चिठ्ठी टाकायची. लोकसभेचा निकाल लागून आठवडाच झालाय. एक आबा चिठ्ठी घडी घालत म्हणाले, "मॅडम, देश मशिनीवर गेला, तुम्ही अजून पेटीच घेऊन बसलाय?"

फळ पोखरणारी अळी, मावा, पांढरी माशी सगळ्यांना पाठ. करप्याचं पान ओळखायला कुणी थांबलंसुद्धा नाही. अडलं सहाव्या काठीला. तिथं ढालकिड्याची अळी होती : काळी, खरबरीत, अंगावर नारिंगी ठिपके, चाल सुसरीसारखी. प्रश्न होता, हिचं काय करायचं? 'सोडून द्यायचं' या खोक्यात एकवीसपैकी दोन चिठ्ठ्या, आणि त्यातली एक चुकून पडलेली. मोठा लाल ढालकिडा मात्र निम्म्यांनी ओळखला. आई ओळखीची, लेकरू परकं.

१८ जून

झेंडूचा घोळ लिहून ठेवते, पुढच्या वर्षी कामाला येईल.

टोमॅटोच्या सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ लावायची. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालायला झेंडूच्या कळ्या-फुलांकडे आधी वळतो. पण दोन्ही पिकं एकाच वेळी फुलावर यायला हवीत. त्यासाठी टोमॅटोचं रोप पंचवीस दिवसांचं असेल तर झेंडूचं चाळीस दिवसांचं लागतं. आमची लागवड २ जुलैला. म्हणजे झेंडूचं बी मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पडायला हवं होतं. निधीचा हप्ता आला १२ जूनला. मेमध्ये मी तीनदा लिहिलं होतं की बियाण्यापुरते तरी द्या. उत्तर आलं की आराखड्यात झेंडू हे पीक नाही.

आज हे गटाला सांगितलं तर आबांनी शांतपणे विचारलं, "झेंडूच्या पुडीला किती पैसे लागत्यात वो?" खिशातून घालता आले असते. मला सुचलं नाही, एवढंच.

रोपवाटिकेत उंच पिवळ्या झेंडूची वीसेक दिवसांची रोपं मिळाली. तीच घेतली. फुलं उशिरा येणार हे आताच दिसतंय.

२५ जून

आज मी चुकले. पावसाची भुरभुर होती म्हणून देवळाच्या सभामंडपात बसलो. हातात खडू आला आणि मी सुटले. इंडोनेशियाची गोष्ट सांगितली : जावा बेटावरच्या भाताला तपकिरी तुडतुड्यांनी कसं घेरलं, फवारावं तितके तुडतुडे का वाढत गेले (फवाऱ्यात त्यांना खाणारे कोळी आधी मरत), १९८६ साली तिथल्या सरकारनं भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी कशी घातली आणि १९८९ पासून शेतातच भरणारी ही शाळा कशी सुरू झाली. मग किडींचं वर्गीकरण, आर्थिक नुकसानीची पातळी (कीड किती झाली की उपाय करायचा ती मर्यादा), सगळं ओतलं. दीड तास. सगळे वहीत लिहीत होते, मला वाटलं रंगलाय वर्ग.

शेवटी आबा म्हणाले, "मॅडम, आज तुम्ही सांगितलं, आम्ही लिहिलं. आता गावात जाऊन आम्ही काय हे वाचून दाखवायचं?"

ज्या पद्धतीचा इतिहास मी सांगत होते तीच पद्धत मोडून सांगत होते. संध्याकाळी बसून पुढच्या सगळ्या मंगळवारांचा आराखडा बदलला. सभामंडप बंद. पाऊस आला तर भिजायचं.

२ जुलै

लागवड झाली. दहा-दहा गुंठ्यांचे दोन प्लॉट, मधे मक्याच्या ओळी. एकात निर्णय गट घेणार, दुसऱ्यात शेताचा मालक त्याच्या नेहमीच्या पद्धतीनं करणार. त्याचं शेड्यूल दुकानातून लिहून आलेलं आहे : चौथ्या दिवशी हे, आठव्या दिवशी ते, प्रत्येक वेळी सोबत एक टॉनिक.

दुकानावर चर्चा निघाली तेव्हा गटातले अण्णा पटकन म्हणाले, "दुकानदार माझा साडू आहे." हसून झाल्यावर खरी गोष्ट निघाली. वर्षभराची उधारी दुकानात असते, माल निघाला की फेडायची. ज्याची उधारी त्याचा सल्ला, नाही कसं म्हणणार? हा मुद्दा कुठल्याच पुस्तिकेत नाही. माझ्याकडेही उत्तर नाही, पण प्रशिक्षक म्हणून उभं राहणाऱ्यानं दुकानदाराला शिव्या द्यायच्या नाहीत, एवढं तरी आज ठरलं.

१६ जुलै

उद्या आषाढी. सहा जण वारीत. उरलेल्यांनी पिवळे चिकट सापळे आणि कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंगाला ओढणारे) लावले. त्यातली वासाची गोळी, म्हणजे ल्युअर, हाताळताना तंबाखूचे हात नकोत म्हटल्यावर दोघं मुकाट्यानं विहिरीवर जाऊन हात धुऊन आले.

२३ जुलै

पहिलं परिसंस्था विश्लेषण. पाच-पाच जणांचे गट, शेतात तिरकं चालत दहा झाडं, पानांची वरची-खालची बाजू, शेंडा, बुंधा, माती. मग झाडाखाली कार्डशीट पसरून चित्र : मधे टोमॅटोचं झाड, डावीकडे शत्रू, उजवीकडे मित्र, वर आभाळ जसं असेल तसं, खाली ओल आणि तण. सगळ्यात खाली एक ओळ : निर्णय.

चारही गटांनी निर्णयाच्या ओळीत आधी 'फवारणी' लिहिलं आणि मग चित्र काढायला घेतलं.

तिसऱ्या गटाची मोजणी : दहा झाडांवर पांढऱ्या माश्या चौदा. कोळी चार, ढालकिडे दोन आणि एका पानाखाली क्रायसोपा या मित्रकीटकाची अंडी. ही अंडी बघायला सगळे जमले. केसाएवढ्या दांडीवर एकेक अंडं उभं, जणू टाचण्या टोचून ठेवल्यात. एका ताईंनी हळूच फुंकर मारली तर सगळ्या दांड्या एकदम डोलल्या.

दोन शत्रूंमागे एक मित्र असेल तर थांबून बघायचं, असा ढोबळ हिशेब आहे. मग भांडण लागलं की अंडी मित्रांत धरायची का. "अंडं काय खातंय आज?" "आज न्हाय, परवा खाईल." अर्धा तास. मी गप्प राहिले, आणि हे मला अवघड गेलं.

तेवढ्यात अण्णांनी नेमकं बोट ठेवलं. मावा असता तर हा हिशेब चालला असता. पांढरी माशी रस पिऊन जेवढं नुकसान करते त्याच्या कितीतरी पट बोकड्या (पानं मुरडणारा रोग) पसरवून करते, तिथं दोनास एक कशाला धरून बसायचं? बरोबर आहे त्यांचं. शेवटी निर्णयाच्या ओळीतली 'फवारणी' खोडून असं आलं : बोकड्याची तीन झाडं उपटून पिशवीत घालून बाहेर न्यायची, चिकट सापळे वाढवायचे, पाच टक्के निंबोळी अर्क मारायचा. अर्काची जबाबदारी महिलांच्या गटानं घेतली. पाच किलो वाळक्या निंबोळ्यांची भरड रात्रभर दहा लिटर पाण्यात, सकाळी फडक्यातून गाळून शंभर लिटर करायचं, वर थोडा साबणाचा चुरा.

३० जुलै

प्लास्टिकच्या पारदर्शक बरण्या, तोंडाला मलमलचा तुकडा, रबर. याला आम्ही कीटकघर म्हणतो. एका बरणीत माव्यानं भरलेलं चवळीचं पान आणि ढालकिड्याची एक अळी. किती मावा ते मोजून चिठ्ठी चिकटवायची, बरणी घरी न्यायची, सकाळी पुन्हा मोजायचं.

आज एकच नियम घातला, माझ्यासहित सगळ्यांना. कुणी किडा आणून 'हे काय आहे?' म्हटलं की नाव सांगायचं नाही. उलट विचारायचं : कुठं सापडला? काय करत होता? आजूबाजूला अजून किती होते? नाव सांगितलं की माणूस बघायचं थांबतो, असं माझं मत होत चाललंय.

३१ जुलै

सकाळी साडेसहाला ताईंचा फोन. "मॅडम, चाळीस घातले होते, सहा राहिलेत. आणि आमचे मालक रात्री उठून दोनदा बॅटरी लावून बघत होते." सहाव्या काठीच्या चिठ्ठीचा निकाल आज लागला असं धरते.

६ ऑगस्ट

पानावर पांढरी रेघ दिसली की इथं तिला सरसकट नागअळी म्हणतात. आज दोन पानं शेजारी ठेवली. एकावर बारीक वळणावळणाची रेघ, रस्त्याच्या नकाशासारखी. दुसऱ्यावर पसरट, पारदर्शक चट्टा. दोन्ही उजेडासमोर धरायला लावली. दुसऱ्यात अळी आणि तिची काळी विष्ठा स्पष्ट दिसली. ही टुटा. भारतात ती पहिल्यांदा सापडली ती २०१४ साली आणि आपल्याच महाराष्ट्रात. पहिली अळी पानावरच थांबते, ही पुढं फळात शिरते; देठाच्या टोपीखाली टाचणीएवढं भोक असतं.

हे कळल्यावर अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गेल्या साली देठापाशी भोकं पडलेली दोनशे क्रेट परत आली. आम्ही मोठ्या अळीचं औषध मारत बसलो होतो."

१३ ऑगस्ट

घरातल्या रिकाम्या बाटल्या-पुड्या आणायला सांगितल्या होत्या. गोणपाटावर रचून लेबलवरच्या त्रिकोणांच्या रंगानं लावल्या, सगळ्यात जहाल ते सगळ्यात सौम्य : लाल, पिवळा, निळा, हिरवा. हिरव्याची रास सगळ्यात लहान. एका पिशवीतून मोनोक्रोटोफॉस निघालं. भाजीपाल्यावर ते मारायला २००५ पासून मनाई आहे. कुणी आणलं ते विचारलं नाही.

मग पंपात लाल रंगाचं पाणी भरलं. सात जण पांढरे जुने सदरे घालून आले होते, नेहमी फवारतात तसंच फवारायचं. दहा मिनिटं. वारा फारसा नव्हता. परत आले तेव्हा मांड्या आणि पोटऱ्या लालभडक, कारण ओल्या झाडांतून चालत गेले. पाठीवर पंपाच्या झाकणातून झिरपलेली एक रेघ कमरेपर्यंत. एकाच्या ओठाच्या कडेला लाल ठिपका. त्यानं नोझल तुंबलं तेव्हा तोंडानं फुंकलं होतं. त्याला स्वतःला आठवतच नव्हतं. मोबाइलवर फोटो दाखवला तेव्हा त्यानं आधी ओठ पुसले आणि मग फोटो पुन्हा बघितला.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधेनं वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले. ते मी आज बोलणार होते. बोलायची गरज पडली नाही, त्यांनीच काढलं.

एक गंमतही घडली. मी म्हटलं, आपण तक्त्यावर 'औषध' न लिहिता 'विष' लिहू या. सगळ्यांनी एकमुखानं नाही म्हटलं. एक पोरगा म्हणाला, "घरातून निघताना 'विष आणायला चाललो' म्हणलं तर आई दारात आडवी पडंल." बरोबर आहे. मी इथं पाहुणी आहे हे अधूनमधून विसरते. तक्त्यावर 'कीटकनाशक' लिहिलं.

२७ ऑगस्ट

झेंडू आत्ता कुठं कळीवर. टोमॅटोला गोट्यांएवढी फळं. फळ पोखरणारी अळी व्हायची तिथं झालीच. दहा झाडांत लहान अळ्या अकरा, म्हणजे झाडामागे एक धरली तरी पातळी ओलांडली.

गेल्या बुधवारी संध्याकाळी पाचनंतर एचएएनपीव्ही मारला होता, थोडा गूळ घालून. हा अळीला रोग पाडणारा विषाणू; उन्हानं मरतो म्हणून दिवस मावळताना मारायचा. पहिले तीन दिवस काहीच घडलं नाही आणि ग्रुपवर 'पाणी मारलं काय?' असे निरोप सुरू झाले. आज सहावा दिवस. शेंड्याच्या पानांना अळ्या मागच्या पायांनी उलट्या लटकलेल्या, काळपट, शिवलं की पाणी. आबांनी चार वेचून बाटलीत घातल्या आणि खिशात ठेवल्या. विचारलं कशाला, तर म्हणाले, "सुनेला दाखवतो. तिला वाटतंय मी मंगळवारी चकाट्या पिटायला येतो."

मालकाच्या प्लॉटवरही अळी आहे. त्यानं आजच दोन औषधं एकत्र करून मारली.

३ सप्टेंबर

चार दिवस ढगाळ, दिवसभर झिरझिर. उशिरा येणाऱ्या करप्याचे ठिपके आमच्या प्लॉटवर सकाळी दिसले. गटातले तिघं अडून बसले : आपण आयपीएमवाले, रासायनिक मारायचं नाही. हा गैरसमज माझ्याकडूनच कुठंतरी रुजला असणार. करपा मित्रकीटकांची वाट बघत थांबत नाही. दोन तास चर्चा करून मँकोझेब हे बुरशीनाशक मारायचं ठरलं. लेबलवरचं प्रमाण, लेबलवरचा काढणीपूर्व कालावधी मोजून, हातमोजे-मास्क घालून. खालची पानं काढून बाहेर नेली. निर्णयाच्या ओळीत 'फवारणी' लिहिलं, पण या वेळी चित्र आधी काढलं होतं.

१७ सप्टेंबर

दहाला गौरी आल्या, आज अनंत चतुर्दशी. दोन मंगळवार गेले. मधल्या काळात ट्रायकोकार्डं (किडीच्या अंड्यांत वाढणाऱ्या ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाची कार्डं) येऊन पडली आणि ज्याच्याकडे ठेवली त्यानं ती मखराशेजारी ठेवली. उबेनं सगळे बारीक माशीसारखे कीटक तिथंच निघाले. गणपतीसमोर ट्रायकोग्रामा सोडणारा आमचाच गट असेल.

२४ सप्टेंबर

सरावाचे वर्ग सुरू. प्रत्येकानं आपल्या गावात दहा-बारा जणांसमोर एक सत्र घ्यायचं, मी मागं बसणार, बोलणार नाही.

आज अण्णा. आमच्यातले सगळ्यात जाणकार. किडीचं नाव, अवस्था, औषधाचा गट, तोंडपाठ. लोकांनी पान पुढं केलं की अण्णांचं उत्तर तयार. वीस मिनिटांत ते एकटेच बोलत होते आणि लोक वहीत लिहीत होते. शेवटी एकानं विचारलं, "मग औषध कंचं मारायचं?" आणि अण्णांनी सांगून टाकलं.

परतताना गाडीवर मागून म्हणाले, "मॅडम, मी दुकानदारच झालो का?" मी जूनमधल्या माझ्या दीड तासाची आठवण करून दिली. पुढच्या वेळी ते आणि आबा जोडीनं घेणार. आबांना नावं कमी ठाऊक आहेत, हे तिथं कामाला येईल.

प्लॉटच्या वहीत : आमच्या बाजूला आजवर सहा फवारण्या, अर्क धरून. मालकाच्या बाजूला सतरा. क्रेटमध्ये एकोणीस-वीसचा फरक. मालक वही दोनदा चाळून गेला, बोलला काही नाही. एका हंगामावरून मीही काही बोलणार नाही.

१ ऑक्टोबर

ताईंचा वर्ग, त्यांच्या स्वतःच्या वांग्यात. चौदा बाया, दोन पोरं, एक सासरे लांब बांधावर पाठ करून बसलेले.

ताईंनी प्रस्तावनाच केली नाही. "वाळके शेंडे बघा आणि एकेक तोडून आणा" म्हणाल्या. चौदा हातांत चौदा शेंडे आले. मग त्यांनी आपला शेंडा नखानं उभा चिरला. आत पोकळी, ओला भुसा, आणि टोकाशी गुलाबीसर पांढरी अळी, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. सगळ्यांनी आपापले चिरले. तीन शेंडे रिकामे निघाले.

"ताई, ह्यात का नाय?"

मी मागं बसून उत्तर गिळलं. ताई म्हणाल्या, "बघा बरं, बाहेर पडायला वाट आहे का?" एकीला भोक सापडलं. "मग गेली कुठं?" कुणी म्हणालं फळात, कुणी म्हणालं मातीत. मग एक म्हातारी मावशी म्हणाली, "आपण शेंडे खुडून बांधावर टाकतो, तिथनं परत येती आसंल." त्यावर बांधाकडे पाठ करून बसलेले सासरे वळून बसले. त्यांच्या बाजूला कालचा ढीग पडलेला होता.

ढीग पोरांनी गोणीत भरला, खड्डा घेऊन पुरला. ल्युसील्युरचा, म्हणजे या अळीच्या पतंगासाठीचा कामगंध सापळा कुठं लावायचा ते पुढच्या आठवड्यावर ठेवलं. निघताना एका मुलीनं पानाखालचा काळा, नारिंगी ठिपक्यांचा किडा तळहातावर घेऊन विचारलं, "हे काय आहे?"

"कुठं सापडलं तुला?" ताईंनी विचारलं. "काय करत होतं?"

मुलगी परत वाफ्यात गेली. तिच्यामागं आणखी चौघी. बरण्या मी सहाच नेल्या होत्या, त्या सगळ्या गेल्या. पुढच्या मंगळवारी वीस न्यायच्या, मलमल आणि रबर वेगळं.